वरची पट्टी

लेबलं छापणं हे माझं रोजचं काम. औषधांची, लोणच्यांची, तेलाची, आणि नाशकात असल्यामुळे वाइनची. त्यामुळे एखादी देखणी बाटली समोर आली की माझं बोट आधी कागदावरून फिरतं, डोळे नंतर चित्राकडे जातात. वाइनचं लेबल सगळ्यांत जास्त छळतं. बाटली ओलसर तळघरात वर्षानुवर्षं आडवी पडून राहणार, मग एका संध्याकाळी बर्फाच्या पाण्यात उभी राहणार. तरी शाई सुटायला नको, कोपरा उचलायला नको, कागदाला सुरकुती पडायला नको. त्यासाठी ओलाव्यातही दम न सोडणारा कागद लागतो, त्यावर सोनेरी फॉइल, उठावाची डाय, आणि प्रत्येक वेळी मशीनवर उभं राहून रंग जुळवणं. एवढं सगळं करून त्या कागदावर काय उमटतं? बहुतेक वेळा एक नाव, एक कमान आणि द्राक्षाचा एक घड.

म्हणून फ्रान्समधल्या बोर्दोकडच्या शातो मुटाँ रॉथशिल्ड या द्राक्षबागेच्या वाइनची लेबलं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी त्यांच्यापाशी थांबले, आणि अजून थांबलेलीच आहे. ब्राक, दाली, हेन्री मूर, मिरो, शागाल, पिकासो, वॉरहॉल, फ्रान्सिस बेकन. १९४५ सालापासून जवळजवळ दरवर्षी एक चित्रकार आणि त्याचं एक चित्र. ही नावं ऐकून माणसं थक्क होतात आणि पुढे काही विचारत नाहीत. मला मात्र त्या नावांइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, त्या लेबलाची मांडणी महत्त्वाची वाटते. चित्र कुठे आहे, किती जागेत आहे, आणि त्याच्या खाली काय आहे, यातच वाइन आणि चित्रकला यांचं नातं सापडतं असं माझं मत आहे.

त्यासाठी थोडं मागे, १९२४ सालात जावं लागतं.

बोर्दो परिसरातल्या द्राक्षबागांची तोवरची रीत अशी की, बागायतदारानं वाइन करायची आणि पिंपांतून शहरातल्या व्यापाऱ्याला विकायची. पिंपं व्यापाऱ्याच्या गोदामात मुरायची, बाटल्या तोच भरायचा, लेबलही त्याचंच. ज्याच्या मातीत वेल वाढली त्याचा बाटलीवरचा हक्क नावापुरता. वाइनमध्ये वाटेत काय मिसळलं गेलं हेही त्याला कळायचं नाही. १९२२ साली पोइयाक गावची मुटाँची मालमत्ता फिलिप द रॉथशिल्ड या वीस वर्षांच्या पोरसवदा बॅरनच्या हाती आली. त्याच्या पणजोबांनी, नॅथानिएल यांनी, ती १८५३ साली विकत घेतली होती; मधल्या पिढ्यांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. फिलिपनं ठरवलं की, सगळी वाइन इथेच, बागेच्या आवारातच बाटलीबंद होईल. शेजारच्या मोठ्या बागायतदारांनाही त्यानं ही गोष्ट पटवली. मग एवढी पिंपं ठेवायला जागा हवी, म्हणून १९२६ साली शंभर मीटर लांबीचा तळमजला बांधून घेतला, तोही शार्ल सिक्लिस या वास्तुरचनाकाराकडून. नाटकाचं वेड असलेल्या माणसानं बांधावा तसाच तो आहे: दारात उभं राहिलं की पिंपांच्या रांगा थेट दूरच्या भिंतीपर्यंत एका नजरेत येतात.

बाटली आपली झाली तशी तिच्यावरची सहीही आपली हवी. फिलिपनं १९२४च्या सालासाठी ज्याँ कार्लूला बोलावलं. कार्लू चित्रकार होता तो भिंतीवरच्या जाहिरातींचा, पोस्टरचा. वास्तुकला शिकत असताना, अठराव्या वर्षी, ट्रामच्या अपघातात त्याचा उजवा हात गेला. मग डाव्या हातानं चित्रं काढायला शिकून तो फ्रान्समधल्या पहिल्या फळीच्या पोस्टरकारांत जाऊन बसला. मुटाँ म्हणजे फ्रेंचमध्ये मेंढी, म्हणून त्यानं मेंढ्याचं डोकं घेतलं, रॉथशिल्ड घराण्याचे पाच बाण घेतले, आणि त्या काळच्या क्युबिस्ट वळणानं सगळं ठळक भौमितिक आकारांत बसवलं. अक्षरं, चित्र, रिकामी जागा, सगळं एकाच हातचं.

लोकांना ते आवडलं नाही. बोर्दोच्या वाइनवर किल्ल्याचं रेखाचित्र आणि वळणदार अक्षरं पाहायची सवय असलेल्या गिऱ्हाइकाला तो मेंढा परका वाटला. दोनतीन वर्षांत ते लेबल मागे घेतलं गेलं.

मी उपयोजित कला शिकलेली, त्यामुळे कार्लूच्या बाजूनं बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. निव्वळ लेबल म्हणून पाहिलं तर मुटाँच्या आजवरच्या सगळ्या लेबलांत कार्लूचं सर्वांत चांगलं आहे. ते हातभर अंतरावरून ओळखू येतं, त्यातला एकही भाग काढून घेता येत नाही, आणि छापायला ते स्वच्छ आहे. पुढे ज्या महान चित्रकारांची नावं आली त्यांपैकी कोणीही लेबल केलेलं नाही. त्यांनी चित्रं दिली आणि ती लेबलावर बसवली गेली. आपल्याकडे कलामहाविद्यालयात पहिल्याच वर्षापासून मुलांच्या मनात एक उतरंड तयार होते: वर चित्रकार, खाली आम्ही पाकिटं आणि पोस्टरं करणारे. पण या मुलखात कला घराघरांत पोचली ती छापखान्यातूनच. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती देव्हाऱ्यात गेल्या, कॅलेंडरांवर गेल्या. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर चिकटवलेली रंगीत देवादिकांची लेबलं बायका जपून ठेवत. त्या चित्रांनी किती घरांच्या भिंती सजल्या याचा हिशेब कुठल्याच कलादालनाकडे मिळणार नाही. तेव्हा कार्लूला वगळून थेट पिकासोपाशी उडी मारणाऱ्यांशी माझं जमत नाही.

तरीही फिलिपनं पुढे जे केलं ते कार्लूच्या लेबलापेक्षा खोल होतं, हेही मला मान्य करावंच लागतं.

मधे युद्ध झालं. फ्रान्स पडलं. जन्मानं ज्यू असलेल्या फिलिपला जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारनं अटक केली. सुटल्यावर पिरेनीज पर्वत ओलांडून तो लंडनला द गॉलच्या सैन्यात दाखल झाला. मुटाँ जर्मनांच्या ताब्यात गेलं. त्याची बायको एलिझाबेथ फ्रान्समध्येच राहिली होती. तिला गेस्टापोनं पकडलं आणि १९४५ साली राव्हेन्सब्र्यूकच्या छळछावणीत तिचा अंत झाला. घर परत मिळालं, घरातलं माणूस गेलं. त्याच वर्षी मे महिन्यात बागेवर कडाक्याचा हिमकहर झाला, कोवळे कोंब करपले, पीक थोडं उरलं. पण नंतरचा उन्हाळा असा तापला की जे घड उरले ते विलक्षण दाट रसाचे निघाले. १९४५ची मुटाँ ही विसाव्या शतकातल्या श्रेष्ठ वाइनमध्ये गणली जाते.

या वाइनच्या लेबलासाठी फिलिपनं फिलिप ज्युलियाँ या विशीतल्या, तोवर फारसं नाव नसलेल्या चित्रकाराला विचारलं. त्यानं काढलं ते पानांच्या नक्षीत बसवलेलं विजयाचं 'व्ही' हे अक्षर, चर्चिलनं दोन बोटांनी जगभर पोचवलेलं. खाली लिहिलं: विजयाचं वर्ष. चित्र म्हणून ते साधं आहे, जवळजवळ शाळकरी. पण त्याच्या खालचा मजकूर वाचावा. या पिकातून किती बाटल्या निघाल्या ते तिथे आकड्यात छापलंय: साध्या आणि अर्ध्या मिळून ७४,४२२. मग मोठ्या बाटल्या किती, त्याहून मोठ्या किती. प्रत्येक बाटलीला तिचा क्रमांक. आणि सगळं पीक शातोतच, म्हणजे बागेच्या आवारातच, बाटलीबंद केल्याची ग्वाही. वर एका सुटलेल्या देशाचा उद्गार, खाली एका शेतकऱ्याचा काटेकोर जमाखर्च. बायको गमावलेल्या माणसानं हे दोन्ही एका कागदावर छापून घेतलं, हे कळल्यापासून ते लेबल मला साधं वाटेनासं झालं.

ज्युलियाँचं लेबल त्या एका वर्षापुरतंच ठरलं होतं. फिलिपनं ते चालू ठेवलं. पुढच्या वर्षी ज्याँ ह्यूगो, मग ज्याँ कॉक्तो, मग मारी लॉरांसाँ. आधी ओळखीपाळखीतले, नाटक-साहित्याच्या वर्तुळातले चित्रकार. १९५५ साली जॉर्ज ब्राक आला आणि तिथून पुढे जगातला कुठलाही कलाकार या पट्टीत येऊ शकतो असं झालं. पट्टी म्हणजे लेबलाचा वरचा भाग. कार्लूनं अख्खं लेबल घेतलं होतं. १९४५नंतरच्या चित्रकाराला फक्त वरची आडवी पट्टी मिळते. खालचा भाग मुटाँचा. तेच नाव, तीच अक्षरं, सालाचा आकडा, पोइयाक, मालकाची सही.

वाइन करणाऱ्याचं काम नेमकं असंच विभागलेलं आहे. पोइयाकची जमीन वाळूगोट्यांची. पाणी झटकन निचरतं, दगड दिवसाची ऊब रात्री धरून ठेवतात, आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ या जातीच्या द्राक्षाची वेल खोल मुळं सोडते. ही जमीन यंदा वेगळी आणि पुढच्या वर्षी वेगळी होत नाही. वेली चाळीस-पन्नास वर्षं त्याच जागी उभ्या. बदलतं ते साल. फुलोऱ्यात पाऊस झाला की नाही, ऑगस्ट कोरडा गेला की नाही, तोडणीच्या आठवड्यात ढग आले की नाही. खालचा निम्मा भाग माणसाच्या हातातला, पिढ्यांनी घट्ट केलेला. वरचा भाग त्या वर्षानं येऊन लिहायचा, आणि तो लिहीपर्यंत मालकानं वाट पाहायची. चित्रकाराला मुटाँकडून विषयाची सक्ती नसते. मेंढा काढा, वेल काढा, पिणाऱ्याचा आनंद काढा, नाहीतर यातलं काहीच काढू नका. जे येईल ते छापायचं. जसं साल येईल तशी वाइन करायची, तसंच.

कॅनडाच्या ज्याँ-पॉल रीओपेलनं १९७८साठी दोन चित्रं पाठवली. फिलिपला दोन्ही आवडली. निवड करायच्या ऐवजी त्यानं पीक दोन वाट्यांत विभागलं आणि दोन्ही छापली. छापखान्यातल्या माणसाला ही गोष्ट ऐकून घाम फुटेल, पण मला ती फार लोभस वाटते.

मोबदल्याची पद्धतही सांगितली पाहिजे. चित्रकाराला पैसे दिले जात नाहीत. त्याला वाइनच्या पेट्या मिळतात: काही त्याच्या स्वतःच्या सालच्या, काही पिण्याजोग्या झालेल्या जुन्या सालांच्या. पिकासो किंवा बेकन यांच्या चित्राची बाजारातली किंमत पाहिली तर हा व्यवहार हिशेबात बसत नाही, आणि मला वाटतं तो हिशेबात बसू नये म्हणूनच टिकला. पैसे दिले असते तर मुटाँला जाहिरात विकत घेतल्यासारखं झालं असतं आणि चित्रकाराला काम वाजवून घेतलं जाईल अशी भीती राहिली असती. इथे एकानं केलेली वस्तू दुसऱ्यानं केलेल्या वस्तूच्या बदल्यात जाते. शिवाय त्याच्या सालची वाइन लगेच पिता येत नाही, दहा-पंधरा वर्षं थांबावं लागतं. चित्रकार तोवर जगेल, ती बाटली कुणाबरोबर तरी उघडेल, असं धरून दिलेला हा मोबदला आहे.

पिकासोला तो मिळाला नाही. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनची प्रतवारी झाली, तेव्हा मुटाँला दुसऱ्या श्रेणीत टाकलं गेलं होतं. फिलिप अर्धं आयुष्य त्याविरुद्ध भांडला. अखेर १९७३च्या जूनमध्ये तेव्हाचे कृषिमंत्री जाक शिराक यांच्या सहीनं मुटाँ पहिल्या श्रेणीत आलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पिकासो वारला होता. लेबलावर त्याचं १९५९ सालचं, मद्योत्सवात नाचणाऱ्यांचं चित्र आलं. ते मुटाँच्या स्वतःच्या संग्रहालयात होतं. विजय आणि श्रद्धांजली एकाच पट्टीत. पण १९७३ची वाइन सामान्य होती. पाऊस लागला, रस पातळ निघाला, आणि आता त्या बाटल्यांत जे काही उरलंय ते पिण्यासाठी कुणी घेत नाही. घेतात ते लेबलासाठी. वाइनवेडे लोक यावर नाक मुरडतात. मला त्यात काही वावगं दिसत नाही. साल वाईट असलं तरी पट्टी रिकामी सोडायची नाही, त्या वर्षालाही चांगल्यातलं चांगलं चित्र द्यायचं, ही मुटाँची रीत मला मोठी वाटते. ज्या शेतकऱ्याला वाईट वर्ष येतच नाही तो शेतकरीच नव्हे.

एक बाटली माझ्या टेबलावर आहे. लंडनच्या एका रेस्तराँमध्ये काम करणाऱ्या आतेभावानं, गिऱ्हाइकानं संपवलेली, धुवून माझ्यासाठी आणलेली. १९८९ची. लेबलाच्या डाव्या कडेवरून वाइनचा एक ओघळ गेलाय आणि सुकून विटकरी झालाय. कागद तिथे किंचित फुगलाय पण फाटलेला नाही. भिंगाखाली धरला तर कागदाचे तंतू वर आलेले दिसतात, शाई मात्र जागची हललेली नाही. खाली फिलिपीनची सही. फिलिपची ती मुलगी, रंगभूमीवरची नटी. वडील १९८८च्या जानेवारीत गेल्यावर तिनं कारभार घेतला आणि चित्रकार निवडायचं कामही. वरच्या पट्टीत गेऑर्ग बाझेलिट्झचे दोन मेंढे आहेत, डोकं खाली, पाय वर. बाझेलिट्झ पूर्व जर्मनीत वाढला, १९५७ साली पश्चिम बर्लिनमध्ये आला आणि १९६९पासून त्यानं माणसं, झाडं, पक्षी सगळं उलटं रंगवलं. १९८९च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. त्या वर्षीची द्राक्षं तेव्हा नुकतीच तोडून झाली होती, वाइन अजून पिंपांत होती. त्यानं चित्रावर जर्मनमध्ये लिहिलंय, पलीकडे असणं म्हणजे आता इथेच असणं.

ही बाटली मी कितीदा तरी हातात घेऊन फिरवली आहे. ओतण्यासाठी बाटली कलती केली की मेंढे वळू लागतात. पूर्ण उलटी धरली तर ते सरळ उभे राहतील. पण जुनी मुटाँ कुणी पूर्ण उलटी करत नाही, कारण तळाला गाळ असतो. तो बाटलीतच राहावा म्हणून वाइन हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओततात आणि गाळ गळ्याशी आला की हात थांबवतात. म्हणजे पिणाऱ्याच्या हातून ते मेंढे सरळ होण्याच्या बेतात येतात आणि होत नाहीत. बाझेलिट्झच्या मनात हे होतं की नव्हतं याच्याशी मला कर्तव्य नाही. चित्र बाटलीवर गेलं की बाटलीचं होतं. कॅनव्हासवर हे घडणार नव्हतं.

याच्या नेमकं उलट १९९३चं. बाल्थसनं पहुडलेल्या, वयात येऊ पाहणाऱ्या नग्न मुलीचं रेखाचित्र दिलं. अमेरिकेत त्यावर आक्षेप आला आणि तिथल्या बाटल्यांवर चित्राची जागा कोरी ठेवून माल गेला. संग्रह करणारे तेव्हापासून दोन्ही बाटल्या घेतात. अमेरिकनांच्या सोवळेपणावर बोट ठेवून हा किस्सा सांगायची पद्धत आहे. मी त्यात सामील होत नाही. बाल्थस मोठा चित्रकार होता, आणि कोवळ्या मुलीच्या देहाकडे पाहायची त्याची नजर मला अस्वस्थ करते. दोन्ही खरं आहे. कोरी पट्टी मात्र योग्यच होती. दुसरं एखादं बिनधोक चित्र तिथे चिकटवता आलं असतं. त्याऐवजी इथे काहीतरी होतं आणि ते काढलंय, हे लेबलानं लपवलं नाही.

२०००चं साल मी झटकन ओलांडते. त्या वर्षी कागदच नव्हता. संग्रहालयातल्या मेंढ्याची सोनेरी उठावाची आकृती थेट काचेवर. लोक ती बाटली दिवाणखान्यात मांडतात. मला त्यात चित्रकार सापडत नाही.

मग २००९. अनीश कपूरचा जन्म १९५४चा, मुंबईचा. आईकडून तो बगदादी ज्यू. त्याचे आजोबा पुण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना गात. सत्तरच्या दशकात तो लंडनला कलाशिक्षणासाठी गेला आणि तिथलाच झाला. १९७९ साली भारतात येऊन गेल्यावर त्यानं कोरड्या रंगपुडीचे ढीग मांडायला सुरुवात केली, देवळाबाहेरच्या दुकानात कुंकवाच्या, बुक्क्याच्या राशी असतात तसल्या: लाल, पिवळे, निळे आकार, कडा मऊ, हात लावला तर मोडतील असे. पुढे ते लाल रंगाचं प्रकरण वाढत गेलं. २००९च्या शरदात, मेदॉकमध्ये, म्हणजे पोइयाकच्या मुलखात, तोडणी चालू होती त्याच महिन्यांत, लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्याचं मोठं प्रदर्शन उघडलं. त्यात 'स्वयंभ' नावाचं काम होतं: लाल मेणाचा एक प्रचंड ठोकळा रुळांवरून दालनांच्या दारांमधून मुंगीच्या पावलांनी सरकतो, दारापेक्षा किंचित मोठा आहे म्हणून चौकटींना घासून त्यांचाच आकार घेतो आणि मागे लाल थर सोडत जातो. वर्षानुवर्षं शेंदराची पुटं चढून आकार हरवलेला आणि नवा आकार आलेला देव ज्यानं पाहिलाय त्याला हे काम वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मुटाँच्या पट्टीत त्यानं दिलेलं चित्रही लालच आहे, अंधारातून उजेडाकडे फुटून येणाऱ्या द्रव्याचं. पुण्यातल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगला लोक लाल देऊळ म्हणतात, पण त्यावरून कपूरच्या लाल रंगाचं मूळ शोधायला मी जाणार नाही. एवढं म्हणते की त्याच्या हातून बाटलीवर जे आलं ते बाटलीतल्या वस्तूच्या सर्वांत जवळचं आहे. दाबलेल्या द्राक्षाची साल रसाला रंग देते, तो रस काही दिवस फसफसत राहतो, वर सालीचा जाड थर तरंगतो आणि तो दिवसातून अनेकदा खाली बुडवावा लागतो. त्या थराकडे वरून पाहिलं आहे का कुणी? कपूरनं पाहिलं असेल की नाही, ठाऊक नाही. मी दिंडोरीत पाहिलंय. ते चित्र मला तिथलं वाटतं.

मुटाँच्या मागोमाग जगात अनेकांनी हे उचललं. ऑस्ट्रेलियाच्या मार्गारेट रिव्हर भागातल्या लीविन या वायनरीनं आपल्या मालिकेला देशातले चित्रकार घेतले. तिथल्या रीझलिंग या पांढऱ्या वाइनवरचे जॉन ओल्सनचे बेडूक मला मनापासून आवडतात. इटलीतली ऑर्नेलाया दरवर्षी त्या सालच्या स्वभावाला एक शब्द देते आणि कलाकार त्या शब्दावर काम करतो. विषय देणं मला पटत नाही, पण सालापासून सुरुवात करतात हे चांगलं. बाकी पुष्कळ ठिकाणी चित्र म्हणजे दागिना. नाव काढून टाकलं, साल बदललं, तरी चित्र तसंच राहतं. असली कामं मीही छापते, आणि नीट छापते.

आपल्याकडे काय? नाशिकच्या वाइनला पंचवीस-तीस वर्षं झाली. सुलाचा मिशीवाला सूर्य देशभर ओळखतात, आणि ते मुळीच सोपं काम नव्हतं. ग्रोव्हर झाम्पानं भारतीय चित्रकारांची चित्रं लेबलांवर घेऊन 'आर्ट कलेक्शन' काढलं, त्याचा मला आनंद आहे. दारूची जाहिरात करता येत नाही, तेव्हा बाटलीला बोलायला लेबलाशिवाय जागा नाही. पण साल मात्र आपल्या लेबलांवर कोपऱ्यात, बारीक अक्षरांत असतं. बहुतेक वाइन लवकर प्यायची असते, हे त्याचं कारण सांगतात. मला ते पुरेसं वाटत नाही. ऑक्टोबरची छाटणी लांबली ते वर्ष, थंडी पडलीच नाही ते वर्ष, तोडणीच्या तोंडावर गारपीट होऊन वेलीखाली हिरव्या मण्यांचा सडा पडला ते वर्ष, हे इथल्या प्रत्येक बागायतदाराला तारखेसह पाठ असतं. बाटलीला त्याचा पत्ता नसतो.

दुसरी खटकणारी गोष्ट वारलीची. वारली चित्रातली माणसं आज कपांवर, पिशव्यांवर, भिंतींवर, बाटल्यांवर नाचतात, आणि त्यांच्याखाली नाव नसतं. संगणकात साठवलेल्या आकृत्या उचलायच्या आणि रांगेत चिकटवायच्या. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या चित्रकारानं सही असलेली, एका हातची, एका मनाची चित्रं करून दाखवल्यावरही आपण त्या कलेला नक्षीचा माल समजतो. माझ्याकडे फाइल आली की मी विचारते, हे कुणी काढलंय? उत्तर येतं, वारली आहे.

दिंडोरीच्या एका वायनरीच्या मालकांपाशी मी हा विषय काढला. त्यांना मी भाऊसाहेब म्हणते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अडचणी सांगितल्या, त्या खऱ्या होत्या. "ताई, लेबल बदललं की एक्साइजची मंजुरी नव्यानं. आणि दरवर्षी नव्या प्लेटा म्हणजे दरवर्षी खर्च." मी म्हटलं, खालचा भाग आहे तसा राहू द्या, अक्षर बदलू नका, वर तीस मिलिमीटरची पट्टी मोकळी सोडा. मंजुरीचे कागद मी तयार करून देते. छोटी छपाई आता डिजिटल मशीनवर होते, तिला प्लेट लागत नाही. "चित्रकार द्राक्षंच काढेल ना?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याला बागेत आणा, छाटणीला एकदा आणि तोडणीला एकदा, आणि मग काय काढायचं ते त्याच्यावर सोडा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, गारपिटीच्या वर्षाची वाइन थोडीच निघाली होती, पण चांगली निघाली होती. ती अजून टाकीत आहे.

त्या वाइनसाठी डहाणूकडच्या एका वारली चित्रकार बाईंशी बोलायचं ठरलंय. मोबदला रोख द्यायचा आणि वर पेट्याही, असं माझं म्हणणं आहे. भाऊसाहेब पेट्यांना तयार आहेत, रोख रकमेवर बोलणी चालू आहेत. कागद मी निवडून ठेवलाय, कापसाच्या तंतूंचा, थोडा खरबरीत, पांढऱ्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून खाली गेरूचा पूर्ण थर द्यावा लागेल आणि तो दोनदा छापावा लागेल. आणि बाईंचं नाव चित्राखाली पूर्ण, देवनागरीत, कमीत कमी सात पॉइंटमध्ये. त्याहून लहान अक्षर ओल्या कागदावर भरून जातं, वाचता येत नाही.